तारा कुणाच्या नावावर?

प्रेमकथांमधल्या मुली बागेत जातात, वाचनालयात जातात, फार तर मैत्रिणीच्या लग्नात जातात. ही भंगारात गेली होती. बागेत मदरबोर्ड उगवत नाहीत, त्याला ती काय करणार!

सकाळी पाऊस पडून गेला होता. भंगारवाल्या काकांच्या ताडपत्रीच्या कडेवरून अजून थेंब गळत होते. खाली चिखल आणि चिखलाच्या काठावर जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग. त्या ढिगात तिला हवा तसा बोर्ड दिसला. हिरवा, एका कोपऱ्यात जरा गंजलेला, पण चार रॅम घेणारा. तिने झडप घातली. नेमका त्याच वेळी पलीकडून दुसरा एक हात आला... नखांत काळं ग्रीस, मनगटावर ताजा ओरखडा... आणि त्या हाताने बोर्डाचं दुसरं टोक धरलं.

"सोडा," ती म्हणाली.

"का?"

"मी आधी पाहिला."

"मी आधी धरला."

"मी घट्ट धरलाय."

हे मात्र खरं होतं. लहानपणापासून तिला सगळे पक्कड म्हणत. एकदा धरलं की सोडायची नाही, मग ते खेळणं असो, हट्ट असो की भांडण. तिच्या खऱ्या नावाने तिला हाक मारणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली होती.

"ओढाओढीत तुटला तर दोघांनी अर्धा अर्धा न्यायचा," काका विडी विझवत म्हणाले आणि पंख्यांच्या ढिगाकडे निघून गेले.

तो हसला. "घर सजवायला हवाय का तुम्हाला? हल्ली म्हणे बोर्डाची भिंतीवरची घड्याळं करतात."

पक्कडने त्याच्याकडे नीट पाहिलं. शर्टाच्या खिशावर लिफ्ट दुरुस्तीवाल्यांचा शिक्का. केस पावसाने कपाळाला चिकटलेले. आणि डोळे... डोळे बरे होते, हे तिला मान्य करावं लागलं. राग त्यामुळेच जास्त आला.

"आणि तुम्हाला कशाला? लिफ्टमध्ये टांगायला?"

"गणितं करायला."

"कसली?"

"तुम्हाला नाही कळायचं… आकाशाची."

तिची पकड जरा ढिली झाली. "मेलेल्या ताऱ्यांच्या ठोक्यांची?"

आता त्याचीही झाली. बोर्ड चिखलात पडता पडता वाचला.

कारण असले वेडे एका गावात दोन असतात, यावर दोघांचाही विश्वास बसेना. दूर कुठेतरी शास्त्रज्ञांनी मोठाले कान लावून आकाशाचा आवाज भरून ठेवला आहे. त्या गोंगाटात कुठेतरी एखादा विझलेला, पण अजून गरगर फिरणारा तारा ठोके देत असतो. तो हुडकायचा तर डोंगराएवढी आकडेमोड करावी लागते आणि शास्त्रज्ञांकडे तेवढी मशीनं नसतात. म्हणून ते त्या गोंगाटाचे तुकडे करतात आणि जगभरच्या हौशी लोकांच्या कॉम्प्युटरांना वाटून देतात. पगार नाही, भत्ता नाही, शाबासकीही क्वचित. ही दोघं ते काम करत होती आणि तेही भंगारातून जुळवलेल्या मशीनवर.

लिफ्टवाल्याने खिशातून चांदीच्या कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. प्रोसेसर होता. "याला बसेल असा बोर्ड केव्हाचा शोधतोय."

"आणि या बोर्डाला बसेल असा प्रोसेसर मी."

"म्हणजे वेगवेगळे राहिलो तर भंगारच."

"राहिले तर," ती म्हणाली. "बोर्ड आणि प्रोसेसर वेगवेगळे राहिले तर."

"तेच म्हणालो."

"तुम्ही 'राहिलो' म्हणालात."

त्याने मान खाजवली. कपाळाला ग्रीस लागलं. "लिफ्टवाल्यांचं व्याकरण कच्चं असतं."

"पण नेम पक्का असतो, दिसतंय," ती म्हणाली आणि बोर्ड काखोटीला मारून चालू लागली. मागे वळून न बघता म्हणाली, "आत्याची लाँड्री माहितीये ना, टपालाच्या ऑफिसमागची? प्रोसेसर घेऊन या. चहा मिळणार नाही."

---

लाँड्रीवर पाटी आतोबांच्या नावाची होती. 'आणि सन्स' असंही खाली लिहिलेलं होतं. आतोबांनी हयातभर पत्ते खेळले आणि मुलगा त्यांना झालाच नाही. धुणं आत्याने केलं, इस्त्री आत्याने केली, गिऱ्हाइकांशी भांडली आत्या. पाटीवर मात्र आत्या कुठेच नाही. असो. असल्या पाट्या वाचत बसलं तर रस्त्यातून चालणं मुश्कील होईल.

पक्कडचं गणित शाळेत फार चांगलं होतं. बापाने पुढे शिकवलं ते भावाला. त्याला पाढे येत नव्हते, पण तो मुलगा होता. तिला आत्याकडे इस्त्री शिकायला पाठवलं. त्यावर ती रडली नाही, चिडली. अजून चिडलेलीच होती. मला शास्त्रज्ञ होऊ देत नाही का, बरं. मग मी शास्त्रज्ञांची हमाली करीन, पण गणित सोडणार नाही. आणि त्या प्रकल्पाच्या साइटवर खातं उघडताना तिने टोपणनाव घेतलं नाही. स्वतःचं खरं नाव टाकलं. जगात कुठेतरी ते नाव एखाद्या कामापुढे लिहिलेलं असावं, एवढीच तिची इच्छा होती. इच्छा लहान आहे असं ज्याला वाटतं, त्याचं नाव बहुतेक सगळीकडे लिहिलेलं असतं.

लिफ्टवाला जिना चढून माळ्यावर आला आणि उंबऱ्यातच थबकला.

माळ्यावर दोऱ्या बांधलेल्या होत्या. एका दोरीवर शर्ट, एका दोरीवर मोजे आणि मधल्या दोरीवर, प्लॅस्टिकच्या हँगरांना चिमट्यांनी लटकवलेले, मदरबोर्ड. ना डबा, ना झाकण. प्रत्येकाला एक पेन ड्राइव्ह टोचलेला, हार्ड डिस्कचा खर्चच नाही. छोटे पंखे भुणभुणत होते, आणि सगळा माळा उबदार होता. बाहेर हवेला ओल आलेली, इथे मात्र वाळल्या कपड्यांचा वास.

"हे… वाळत घातलेत?"

"हवा खेळते. आणि आत्याचे मोजे वाळतात. नाहीतर तिने ही मशीनं कधीच भंगारात दिली असती."

खालून आत्याचा आवाज आला, "मी अजूनही देऊ शकते! कोण आलंय गं?"

"लिफ्टवाला!"

"आपल्याकडे लिफ्ट कुठाय?"

"तेच विचारायला आलाय!"

प्रोसेसर बाहेर काढला तर त्याच्या खालच्या पिना वाकलेल्या. केसाएवढ्या बारीक पिना, आणि एका कोपऱ्यातल्या सगळ्या आडव्या.

"खिशात ठेवून बसलात?"

"छे! बसेन कसा?" तो थोडा थांबला. "...बसलो."

तिने आत्याच्या डब्यातली सर्वांत बारीक सुई आणली. त्याने टॉर्च धरला. ती एकेक पीन सुईने उचलून सरळ करू लागली, हळू, फार हळू. मान खाली, ओठ दाताखाली, कपाळावर घामाचा एक थेंब. तो इतक्या जवळ उभा होता की त्याचा श्वास तिच्या बोटांवर येत होता.

"श्वास घेऊ नका."

"किती वेळ?"

"पिना सरळ होईपर्यंत."

"आणि मेलो तर?"

"टॉर्च टेबलावर ठेवून मरा."

त्याने खरंच श्वास रोखून धरला. शेवटची पीन सरळ झाली तेव्हा तो लाल झाला होता, आणि तीही. तिने श्वास रोखलेला नव्हता.

मशीन पहिल्या खेपेत चालू झालं. बोर्ड तिच्या हँगरवर, म्हणून ते तिच्या खात्यात जोडायचं असं तो आपणहून म्हणाला. जाताना त्याने लिफ्टच्या जुन्या पॅनेलमधला एक मोठा पंखा दोरीच्या टोकाला बांधून दिला. आत्याचे मोजे त्या दिवशी दुपारीच वाळले. आत्या म्हणाली, "पोरगा बरा आहे. चहा का नाही दिलास?"

---

पुढे तो येतच राहिला. कधी रॅम आणायचा, कधी नुसतीच बातमी. त्याच्या घरच्या बाल्कनीत त्याची तीन-चार मशीनं होती आणि त्यांचा त्याला भारी अभिमान. "तुमची मशीनं चालतात," तो म्हणायचा, "माझी पळतात." त्याने प्रोसेसरांचा वेग मुद्दाम वाढवून ठेवला होता. झेपेल त्याच्याही पलीकडे.

या प्रकल्पात एक नियम असतो. प्रत्येक तुकडा एकाला देत नाहीत, दोघांना देतात. दोन अनोळखी मालकांच्या दोन मशीनना. एकाच मालकाच्या दोन मशीनना तर कधीच नाही, कारण घरातली माणसं एकमेकांच्या होला हो करतात. साक्षीला परकाच हवा. दोघांची उत्तरं जुळली तर काम पक्कं. नाही जुळली तर तिसऱ्याला विचारतात आणि तिघांत जो एकटा पडतो तो चुकला.

एके दिवशी पक्कडचं एक उत्तर जुळलं नाही. तिसऱ्याला विचारलं गेलं. तिसरा तिच्या बाजूने. चुकलेल्या खात्याचं नाव तिने वाचलं: 'वरचा मजला'.

लिफ्टवाला त्या दुपारी आला तेव्हा तिने इस्त्री बाजूला ठेवली. "तुमचं खातं कुठल्या नावाने आहे?"

"वरचा मजला. का?"

"तुमची मशीनं पळतात. पण चुकीच्या दिशेने."

तिने दाखवलं. त्याचा चेहरा पडला, मग फुगला. "तिसऱ्याचं मशीन चुकलं असेल."

"आणि माझंही? आम्ही दोघं चुकलो आणि तू एकटा बरोबर?"

तो काहीतरी बोलणार होता. थांबला. "काय म्हणालात?"

"एकटे बरोबर."

"त्याच्या आधी."

"...आम्ही दोघं चुकलो."

"त्याच्या नंतर."

"इस्त्री तापलीये," ती म्हणाली, "आणि मी तापट आहे. वेग कमी करा, नाहीतर इथे येऊ नका. पटापट खोटं बोलणारी माणसं मी खूप पाहिलीत."

तो गेला. आठवडाभर आला नाही. पक्कडने सांगून टाकलं होतं, त्याचा पश्चात्ताप तिला मुळीच नव्हता. फक्त जिन्यावर पाऊल वाजलं की इस्त्री एका जागी जरा जास्त वेळ थांबायची. कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावर त्याची खूण उठली.

मग एका सकाळी, काउंटरवर गर्दी असताना, तो भिजत धावत आला. छत्री हातात, पण मिटलेली. कोट न्यायला आलेले एक वकील होते, पडदे टाकायला आलेल्या एक बाई होत्या आणि आत्या होती. त्याला कुणीच दिसलं नाही.

"पक्कड! आपलं जुळलं!"

आत्याने चष्मा वर केला.

"कधीपासून?"

"आज सकाळपासून!" तो धापा टाकत म्हणाला. "तिने पाठवलेलं आणि मी पाठवलेलं, अगदी तंतोतंत!"

"काय काय पाठवता रे एकमेकांना?"

"नाही… म्हणजे… आम्ही नाही पाठवत, आमची मशीनं..."

पडदेवाल्या बाई तोंडाला पदर... छे, पडदाच लावून हसत होत्या. वकिलांनी कोट हातावर घेतला, जाता जाता त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जुळलं असेल तर नोंदणी करून टाका. मागाहून त्रास नको."

पक्कडचे कान इस्त्रीपेक्षा तापले होते. पण ती खाली बघणाऱ्यातली नव्हती. तिने सरळ त्याच्याकडे पाहिलं. "वेग कमी केलास?"

"केला."

"मग चहा घे."

आत्याच्या लेखी तेवढ्यात सगळं ठरलं.

---

आणि ठरलंच म्हणायचं. एकदा तो तिला एका उंच इमारतीच्या लिफ्टमधून गच्चीवर घेऊन निघाला. वरून गाव कसं दिसतं ते दाखवायला. लिफ्टमध्ये दोघंच. आरशातली धरून चौघं.

"सिनेमात असतो तर आता लिफ्ट अडकली असती," ती म्हणाली.

"माझी लिफ्ट अडकत नाही."

"अरेरे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. मग बोट उचललं आणि लाल बटण दाबलं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली.

"आता?"

"आता बरं आहे," ती म्हणाली. आणि यापुढचं लिहायची गरज नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

मग तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. भावाला वेळ नव्हता. असल्या वेळी भावांना कधीच वेळ नसतो. पक्कड आईकडे गेली ती महिन्याच्या वर तिथेच राहिली. माळ्याची किल्ली लिफ्टवाल्याकडे दिली. रोज फोन व्हायचा. खातं उघडून बघायची तिला एकदाही आठवण झाली नाही. विश्वास म्हणजे तरी दुसरं काय? न बघणं.

ती परतली तेव्हा माळा झाडलेला होता, हँगर ओळीत होते, टेबलावर केक होता आणि लिफ्टवाल्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"डोळे मीट," तो म्हणाला.

"मी उघड्या डोळ्यांची माणूस आहे. सांग."

"आपल्याला तारा सापडला!"

क्षणभर तिला ऐकूच आलं नाही. पंखे भुणभुणत होते. तो भराभर सांगत होता. मेल आला, ठोके खरे निघाले, शास्त्रज्ञांनी मोठ्या दुर्बिणीने पुन्हा तपासले, नवाच तारा, कुणाला माहीत नव्हता असा. ज्या दोन मशीनवर तो सापडला त्यांच्या मालकांची नावं शास्त्रज्ञ आपल्या लेखात छापणार. एक मशीन कुठल्या तरी परदेशातल्या म्हाताऱ्याचं. आणि दुसरं... त्याने दोरीकडे बोट दाखवलं. कडेला गंजलेला तो हिरवा बोर्ड मोज्यांच्या शेजारी शांतपणे डुलत होता.

पक्कड रडली. अगदी खरंखुरं, नाक लाल होईपर्यंत. भंगारातला बोर्ड. हँगर. इस्त्रीवाली पोरगी. तारा.

"कुठाय मेल? दाखव."

त्याने फोन पुढे केला. तिने वाचलं. पुन्हा वाचलं. डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"इथे 'वरचा मजला' लिहिलंय."

"हो ना," तो म्हणाला. हसू अजून तसंच होतं. "मध्ये वीज गेली होती. सगळे पेन ड्राइव्ह उडाले, पुन्हा पहिल्यापासून सगळं टाकावं लागलं. खात्याचं नाव विचारलं तेव्हा म्हटलं… सगळं एकाच नावावर करून टाकू. तुझी, माझी, सगळी. छान दिसेल ना! तुला सरप्राइज."

"एक फोन करायचा होतास."

"तू आईपाशी होतीस…"

"आईचा गुडघा कापत होते. माझं नाव नाही."

त्याचं हसू मावळलं. "अगं, पण तुझं-माझं काय? एकच ना आता?"

"एकच?"

"एकच."

"मग माझं लिहायचं होतंस."

तो केककडे बघू लागला.

"एकच आहे ना? मग माझं लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? विचार कर आणि सांग. मी थांबते."

ती खरंच थांबली. हात बांधून उभी राहिली. त्याने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. तिचं नाव लिहावं हे त्याला सुचलंच नव्हतं, आणि त्याहून वाईट म्हणजे सुचलं नाही हेही त्याला आत्ता, या क्षणी कळत होतं.

"मी… मुद्दाम नाही केलं."

"माहितीये," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच त्याला जास्त भीती वाटली. "मुद्दाम कुणीच करत नाही. खालची पाटीही कुणी मुद्दाम नाही लावलेली. सगळ्यांना तेच आपोआप सुचतं. बाईचं काम असतं, हात असतात, कंबर असते. नाव तेवढं पुरुषाचं, छान दिसतं म्हणून. मला एकच गोष्ट हवी होती रे. एकच. आणि ती तू केकसोबत मला परत भेट द्यायला निघालास."

"मी आत्ताच बदलतो…"

"किल्ली ठेव. जा."

त्याने किल्ली केकच्या शेजारी ठेवली आणि जिना उतरला. ती दोरीवरचे मोजे काढू लागली.

---

त्यानंतर तिने सगळी मशीनं एकेक करून पुन्हा स्वतःच्या खात्यात घेतली. तारा मात्र घेता येईना. जे झालं ते त्याच्या नावावर झालं होतं. फोन वाजायचा, ती उचलायची नाही.

आत्या एका दुपारी माळ्यावर आली. गुडघे धरत, कुरकुरत, आणि मोज्यांची टोपली मध्ये ठेवून बसली.

"आतोबा गेल्यावर मी पाटी बदलायला पेंटरकडे गेले होते," आत्या म्हणाली. "तो म्हणाला, बाईचं नाव लिहिलंत तर गिऱ्हाईक कमी होईल. मी म्हटलं, असेल बाबा. परत आले. गिऱ्हाईक कमी झालं असतं की नाही, कुणास ठाऊक. मी बघितलंच नाही ना."

पक्कडने मान वर केली. आत्या अशी कधी बोलत नसे.

"तुला पोराला माफ कर असं सांगायला नाही आले. नको करूस वाटलं तर. पण मी बघितलं नाही, तशी तू नको करूस. जा आणि बघ. नावाचं काय झालं ते विचार, तोंडावर विचार. फोनवर सगळेच शहाणे असतात." मग टोपलीतून एक मोजा काढून तिने उलटा-सुलटा केला. "आणि हो, तू नव्हतीस तेव्हा महिनाभर तो मोजे जोड्या लावून घडी करून ठेवायचा. एकही जोडी चुकली नाही. हे आपलं सांगून ठेवते."

पक्कडने चपला घातल्या.

तो कोपऱ्यावरच्या इमारतीत होता. लिफ्ट बंद होती. तळमजल्यावर पिशव्या घेऊन माणसं तिष्ठत उभी होती आणि लिफ्टवाल्यांच्या नावाने खडे फोडत होती. पक्कड जिन्याने चढली. वर पोचेपर्यंत अर्धा राग दम लागण्यात गेला, हे तिला अजिबात आवडलं नाही.

गच्चीवरच्या मोटरच्या खोलीत तो गुडघ्यावर बसून मोठ्या चाकाला ग्रीस लावत होता. दार वाजलं तसं वळला. पाना हातातून सुटून ठणकन पडला.

"उठू नको," ती म्हणाली. "मला तसंच बोलायला सोपं जाईल. तू शास्त्रज्ञांना काही कळवलंस?"

"त्याच दिवशी." तो खाली बघत म्हणाला. "लिहिलं की मशीन माझं नाही. बाईंचं आहे, बांधलेलंही त्यांनीच. माझं नाव चुकून लागलंय, काढा."

"आणि तू कोण असं लिहिलंस?"

"मोजे वाळत घालणारा."

तिने ओठ घट्ट मिटले. हसायचं नव्हतं. "मग?"

"काल उत्तर आलं. त्यांच्याकडे आधीची नोंद आहे. मशीन तुझ्या खात्यात होतं, मग माझ्यात आलं, हे त्यांना दिसलं. म्हणाले, चालेल, बाईंचं नाव छापू. कसं छापायचं ते कळवा." त्याने हात पँटला पुसला आणि फोन काढून दिला. मेल उघडा होता. उत्तराची जागा कोरी.

"तुला माझं नाव माहितीये. तूच का नाही लिहिलंस?"

"तुझं नाव मी लिहिणार?" तो म्हणाला. "एकदा लिहून बघितलं ना. काय झालं?"

पक्कडने फोन घेतला. ग्रीसने काच तेलकट झाली होती. मध्ये बापाचं नाव लिहायची रीत असते आणि पुढे कुणाचं तरी आडनाव. तिने क्षणभर विचार केला आणि नुसतं स्वतःचं नाव लिहिलं. फक्त स्वतःचं. मागे-पुढे कुणी नाही. एक शब्द. पाठवलं. छातीतून काहीतरी मोकळं झालं आणि मोटरच्या खोलीतल्या झरोक्यातून आत येणारी ओली हवा तिला एकदम गोड लागली.

"आता तुझं बोल," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"फोन करत होतास ना? मग काहीतरी असेलच."

तो उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना. "एकच सांगायचं होतं. मशीनं एका नावावर गेली आणि… आपलं दोघांचं गणित एकत्र येणंच बंद झालं. एकाच मालकाला दोनदा देत नाहीत ना. महिनाभर माझी उत्तरं परकेच तपासत होते. बरोबर, बरोबर, बरोबर. आणि मला करमेना." त्याने मान वर केली. "मी चुकलो हे तू सांगतेस ना… ते मला हवंय. दुसऱ्या कुणी सांगितलं तर राग येतो. तू सांगितलंस तर सुधारावंसं वाटतं. आपण एक झालो तर ते जाईल. मला एक व्हायचं नाही. मला दोघं राहायचंय. तुझ्याजवळ. पण दोघं."

बाहेर पाऊस जोर धरत होता. पत्र्यावर असा वाजत होता की पुढचं बोलायला जवळ जावंच लागलं. ती गेली.

"ऐक मग," ती म्हणाली. "तू चुकलास."

"चुकलो."

"पुन्हा चुकशील."

"चुकेन."

"मी सांगेन. गिऱ्हाइकांसमोर सांगेन. आत्यासमोर सांगेन. आणि मी चुकले तर तू सांगायचंस, घाबरून हो म्हणायचं नाही."

"घाबरून नाही म्हणणार. घाबरत घाबरत सांगेन."

"आणि उद्या एका घरात आलो तरी माझं नाव माझं. मशीनवर, दारावर, कागदावर. सगळीकडे."

तो चमकला. "एका घरात… हे कधी ठरलं?"

"आत्ता. मी विचारतेय. का, तुला विचारायचं होतं?"

"मी महिनाभर पाठ करत होतो!"

"मग म्हण."

त्याने तोंड उघडलं. डोळे मिटले. उघडले. "...विसरलो."

"मग नुसतं हो म्हण."

"हो," तो म्हणाला. "हो. हो."

"एकदा पुरे होतं," ती म्हणाली आणि त्याची ग्रीसने माखलेली कॉलर धरून त्याला पुढे ओढलं. इस्त्रीवालीने. कॉलर धुवावी लागेल, हे पूर्ण माहीत असताना.

जिन्याच्या पोकळीतून खालून कुणीतरी बेंबीच्या देठापासून ओरडलं, "अहो लिफ्टवाले! अजून किती वेळ?"

तो तिच्या मिठीतूनच कसाबसा ओरडला, "पाच मिनिटं!"

पक्कडने मान वळवली आणि त्याच्या दुप्पट आवाजात सांगितलं,

"दहा!"